कोठीतलं तिथीचं बाड

खूप खूप वर्षांपूर्वीची, राजांचीसुद्धा नावं कुणी लिहून ठेवत नसे तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावीच, पण मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी, कारण यातली चूक मोठेच करतात.

एका राज्यात एक लांबच लांब कालवा होता. त्याची दारं उघडायला पाण्यावर चालणारं एक यंत्र होतं. त्या यंत्राला एकच भाषा कळे. तिचं नाव सी. नाव एवढंसं, पण भाषा मोठी खट! जेवढं लिहाल तेवढंच यंत्र करी, आणि चुकीचं लिहाल तर तेही तितक्याच निष्ठेनं करी.

या भाषेत आज्ञा लिहिणाऱ्या कारागिरांची राजधानीत एक पेठ होती. त्या पेठेची रीत सांगताना माझी छाती आजही फुगते. कुणाचंही काम पुरं झालं, की त्यातला दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असा भाग वेगळा काढायचा, त्याचं बाड बांधायचं आणि पेठेच्या कोठीत ठेवायचं. बाडावर चिठ्ठी असे : हे काय करतं, त्याला काय द्यायचं, ते काय परत देतं, कुणी लिहिलं, कोणत्या अटीवर वापरायचं. वापरणाऱ्यानं खाली आपलं नाव लिहायचं आणि चूक सापडली तर दुरुस्तीसकट नोंदवायची. कोठीला ना कुलूप, ना दाम. असं भांडार दुसऱ्या कुठल्या राज्यात होतं ते दाखवा!

या पेठेत एक कारागीर होता. हातात कसब भरपूर, आणि मान त्याहून ताठ.

एकदा राणीसरकारांनी त्याला बोलावून घेतलं. त्या म्हणाल्या, "कालव्याच्या शेवटच्या गावाला पुरेसं पाणी पोचत नाही. गावांच्या पाळ्या तिथीवर ठरलेल्या आहेत. यंत्रानं तिथी ओळखून ज्याच्या त्याच्या पाळीला दार उघडावं, आणि वाटेत जमीन जेवढं पाणी पिते तेवढं जास्तीचं सोडावं. महिन्याची मुदत. जमेल?"

"जमेल, सरकार. आणि त्यातलं अक्षर न् अक्षर माझ्या हातचं असेल."

पेठेत परतताना कोठीचे राखणदार भेटले. वयानं थकलेले, जिभेनं मुळीच नाही. ते म्हणाले, "तिथीचं गणित मांडण्याआधी कोठीत डोकावून जा रे."

"काका, दुसऱ्याचं आयतं उचलून आणलं तर मी कारागीर कसला?"

"बरं बाबा. मग शाईसाठी काजळीही तूच धर, आणि बोरूसाठी बेटही तूच लाव."

कारागीर हसला आणि कामाला लागला. चंद्राच्या मागे त्याचे सव्वीस दिवस गेले. उरलेल्या चार दिवसांत जमीन किती पाणी पिते हे कसं मोजणार? तिथे त्यानं अंदाजानंच एक आकडा ठोकून दिला.

पुढच्याच पंधरवड्यात पंचमीचा क्षय आला. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी थेट षष्ठी. अशा वेळी पंचमीची पाळी चतुर्थीलाच द्यायची, अर्धा दिवस एका गावाला आणि अर्धा दुसऱ्याला, अशी वहिवाट होती. कारागिराला ती ठाऊक होती. पण चंद्र रोज सारख्या चालीनं चालत नाही. कधी झपझप जातो, कधी रेंगाळतो. यानं मात्र त्याला वर्षभराची एकच चाल लावून दिली होती. त्यामुळे यंत्राच्या मते क्षय पंचमीचा नव्हताच, सप्तमीचा होता.

पंचमी शेवटच्या गावाची होती. यंत्रानं त्यांचं दार एक दिवस उशिरा उघडलं. तोवर षष्ठीची पाळी असलेल्या वरच्या गावानं पंचांग पुढे करून आपलं दार हातानं उघडलं होतं, आणि पाणी वरच्या वरच संपलं.

संध्याकाळी शेवटच्या गावची पाटलीण पेठेत आली. भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "दादा, रोपांनी माना टाकल्यात. मागच्या पाळीलाबी निम्मंच पाणी आलं. आता आमची पाळी दशमीला, चार दिवसांनी. तीबी चुकली तर यंदा आमच्या घरात भात शिजायचा नाही."

कारागिराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उठला आणि तडक कोठीत गेला.

"या," राखणदार म्हणाले. "बोरूचं बेट काय म्हणतंय?"

"काका, तिथीचं बाड हवंय."

तीन बाडं निघाली. पहिलं रेशमी कापडात बांधलेलं, चिठ्ठीवर सुरेख वेलबुट्टी. कारागिराचा हात तिकडेच गेला. दुसरं मोडीत निघालेल्या जुन्या यंत्रासाठीचं होतं. तिसऱ्याच्या कडा झिजलेल्या. चिठ्ठीवर लिहिलं होतं : करणार बायजा, राहणार घाटाखाली. त्याखाली वापरणाऱ्यांची एकतीस नावं, आणि एकोणीस चुका.

"एकोणीस चुका! हे घेऊ?"

"एकोणीस सापडल्या आणि एकोणीस सुधारल्या," राखणदार म्हणाले. "त्या रेशमी बाडात एकही नोंदलेली नाही, कारण ते कुणी वापरलंच नाही. पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस. स्वतः पारखून घे."

कारागिरानं दहा वर्षांची जुनी पंचांगं आणि यंदाचंही मागवलं आणि एकेक दिवस बाडाला घालून पाहिला. प्रत्येक क्षय जिथल्या तिथे निघाला, हुकलेली पंचमीसुद्धा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाड त्याच्या कामात चपखल बसलं.

मग झिरपणाऱ्या पाण्याचं गणित कुणी केलंय का, हेही त्यानं आधी कोठीत शोधलं. ते कुणीच केलेलं नव्हतं. तेव्हा मात्र त्याच्या अंगात बळ संचारलं. पाटलिणीला बरोबर घेऊन तो कालव्याच्या काठानं चालत सुटला. वळणावळणाला वेळूची काठी बुडवून पाणी मोजलं, कुठे मुरूम आहे, कुठे काळी माती आहे ते टिपलं, आणि नवमीला गणित लिहून पुरं केलं.

दशमीला दार उघडलं. पाणी वळणं मागे टाकत आलं आणि शेवटच्या गावच्या शेवटच्या वाफ्यात शिरलं. पाटलीण बांधावर बसून घळाघळा रडली.

राणीसरकारांनी त्याला दरबारात उभं केलं. "चार दिवसांत हे कसं साधलंस?"

"सरकार, यातला चंद्र बायजाबाईंचा आहे, एकतीस जणांनी पारखलेला. झिरपणीचं गणित माझं आहे. ते मी आज कोठीत ठेवतोय." हे सांगताना त्याची मान ताठच होती, आणि या वेळी ती शोभत होती.

वर्षाच्या आत शेजारच्या चार राज्यांचे कालवे त्याच्या बाडावर चालू लागले. डोंगराकडच्या एका कारागिरणीला त्यात खडकाळ जमिनीची चूक सापडली. तिनं ती सुधारली आणि खाली नोंदवली. ती नोंद कारागिरानं पेठेतल्या प्रत्येकाला हाताला धरून नेऊन दाखवली, पोराचं बारसं असावं अशा थाटात!

तात्पर्य : नवं घडवण्याआधी आहे ते शोधावं, पारखून घ्यावं, करणाऱ्याचं नाव सांगावं, आणि मग त्यात आपण घातलेली भर खुशाल अभिमानानं मिरवावी.