तीन हाकांचं तळं

चैत्रातली सकाळ होती. ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवरच होतं. मोठ्या मोहाखाली, तळ्याच्या काठावर, रानातल्या सगळ्यांची सभा भरली होती आणि त्या सभेत टिटवी ‘हो’ म्हणाली.

ही गोष्ट फार जुनी, माणसं त्या रानात पोचायच्या आधीची. त्या तळ्यावर हाक देण्याचं काम तिघांकडे असे. वानर मोहाच्या शेंड्यावरून लांबचं बघायचा. टिटवी उघड्या काठावरून जवळचं बघायची. भेकर झुडपात उभं राहून वाऱ्यावरचा वास घ्यायचं. बिबट्याची चाहूल लागली की ज्याला ती आधी लागेल त्याने ओरडायचं. पण पद्धत अशी होती की एकाची हाक आली तर सगळ्यांनी नुसत्या माना वर करायच्या, आणि दुसऱ्याने तिला हाक जोडली तरच पळायचं.

सभा भरण्याचं कारणही खरं होतं. चार दिवसांपूर्वी बिबट्या आला होता. वानराने हाक दिली, पण वारा पडलेला असल्यामुळे भेकराला वास लागला नाही, आणि बिबट्या गवताआडून येत असल्यामुळे टिटवीला तो दिसला नाही. दुसरी हाक यायला उशीर झाला. सांबरिणीच्या पाडसाच्या मांडीला पंजा ओझरता लागून गेला.

“दुसऱ्या हाकेची वाट बघत बसले आणि माझं लेकरू जाता जाता वाचलं,” सांबरीण म्हणाली. “असली कसली पद्धत?”

“मी तर कधीचा म्हणतोय, काकू,” वानर फांदीवरून म्हणाला. “तिघांचा घोळ हवाच कशाला? सगळ्यात उंच मी बसतो. यापुढे मी एकटा हाक देत जाईन. मी ओरडलो की पळायचं. विषय संपला.”

भेकर मुळातच लाजाळू. ते खाली बघत म्हणालं, “माझी काही हरकत नाही. नाहीतरी मी ओरडलो की कुत्रं भुंकल्यासारखं वाटतं. हरणांची पोरं हसतात.”

मग सगळ्यांनी टिटवीकडे बघितलं. टिटवीने कालच काठावरच्या खड्यांमध्ये चौथं अंडं घातलं होतं. तिला आता कोणाची राखण नको होती, चार अंडी आणि स्वस्थता हवी होती.

“अगं, पण जरा विचार...” तिचा नवरा पुटपुटला.

“तुम्ही गप्प बसा हो. ओरडून ओरडून घसा बसलाय माझा.” आणि ती सभेला म्हणाली, “हो. चालेल.”

पहिले काही दिवस वानराने काम चोख केलं, हे सांगायलाच हवं. तो जागा असायचा, डोळ्यांत तेल घालून बघायचा. मग एका सकाळी त्याला उन्हात पडलेली पिवळी पानं बिबट्यासारखी दिसली आणि तो ओरडला. सगळं रान पळालं. वानराने नीट बघितलं. पानंच होती ती. त्याला हसू आलं. मग त्याची नजर खाली गेली.

मोहाखाली रात्रभर गळलेल्या फुलांचा सडा पडला होता. गोड, रसाळ, कोणी तोंडही न लावलेला. रोज त्या फुलांवर हरणं, सांबरं, भेकरं सगळी तुटून पडायची, आणि वानर झाडावरून उतरेपर्यंत मातीत तुडवलेली दोन-चार उरायची. आज सडा होता आणि खायला एकटा तो होता.

दुसऱ्या सकाळी त्याला पुन्हा काहीतरी दिसलं. तिसऱ्या सकाळीही.

हळूहळू हाक फुलांपुरती राहिली नाही. हरणाचं एक पोर त्याच्या शेपटीला हसलं, की हाक. तळ्याच्या सावलीतल्या बाजूला कोणी त्याच्या आधी पाणी प्यायलं, की हाक. सगळे धापा टाकत परत यायचे आणि वर बघून म्हणायचे, “तुमच्यामुळे वाचलो बरं का, वानरराव.” काहीजण त्याच्यासाठी फुलं बाजूला काढून ठेवायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं. भीतीला फार सांगावं लागत नाही.

एकदा टिटवीला कोल्हा दिसला. सवयीने ती ओरडली. वानर सरसर खाली आला.

“टिटवीबाई, ठरलंय ना आपलं? दोन-दोन आवाज झाले की मंडळी गोंधळतात.”

“अहो, पण कोल्हा होता.”

“मला दिसला असता तर मी सांगितलं असतं. मी सांगितलं नाही, म्हणजे नव्हता.”

टिटवी मुकाट्याने अंड्यांवर जाऊन बसली. कोल्हा समोरून निघून गेला.

मग व्हायचं ते झालं. एका दुपारी वानराने हाक दिली. सगळ्या खुरांचा लोंढा काठावरून धावत आला. टिटवी शेवटच्या क्षणी उडाली. धूळ बसल्यावर ती परतली. तीन अंडी जागेवर होती. चौथं मातीत दबलं होतं, पिवळा बलक खड्यांवरून ओघळत होता.

ती कळपाकडे गेली. “कोणाचा पाय पडला?”

हरणं म्हणाली, आम्ही तर पुढे होतो. सांबरं म्हणाली, आम्ही तर मागे होतो. भेकर म्हणालं, मी डोळे मिटून पळतो. तिने वर बघितलं.

“मला काय विचारतेस?” वानर म्हणाला. “माझ्या पायाला खूर आहेत का?”

त्या संध्याकाळी टिटवी उरलेल्या तीन अंड्यांवर बसली. मग एकदम नवऱ्याला म्हणाली, “‘हो’ कोण म्हणालं होतं? मीच ना?”

“घसा बसला होता तुझा,” नवरा हळूच म्हणाला.

“आता सुटलाय.”

सकाळी ती आधी भेकराकडे गेली. “भेकरभाऊ, तुमचं नाक बंद पडलंय का?”

“नाही बाई. रोज वास घेतो.”

“मग इतक्या दिवसांत बिबट्याचा वास आला?”

भेकर जमिनीकडे बघत म्हणालं, “एकदाही नाही.”

“आणि तरी पळता?”

“सगळे पळतात ना.”

मग ती कळपासमोर उभी राहिली. “आज वानर ओरडला, तर थांबा. मी किंवा भेकरभाऊंनी हाक जोडली, तरच पळा. पूर्वीसारखं.”

“आणि खरंच आला तर?” सांबरिणीने पाडसाला पोटाशी ओढलं. “तुझं अंडं गेलं म्हणून माझं लेकरू घालवू?”

हा प्रश्न खोटा नव्हता, आणि टिटवीने तो उडवूनही लावला नाही. ती म्हणाली, “काकू, बिबट्या येतो त्या वाटेवर सगळ्यात पुढे माझंच घरटं आहे. मला पंख आहेत, पण अंड्यांना नाहीत. मी बसलेली दिसले तर समजा, काही नाही. माझी तीन पोरं मी पणाला लावतेय. तुम्ही फक्त माझ्याकडे बघा.”

हाक आली. कळप उसळला. नुसत्या सवयीने काही हरणं दोन उड्या पुढे गेलीसुद्धा. टिटवी तीन अंड्यांवर पंख पसरून बसली आणि हलली नाही. सांबरिणीने तिच्याकडे बघितलं, झुडपातल्या गप्प भेकराकडे बघितलं, आणि पाय रोवून उभी राहिली. सांबरीण थांबली, म्हणून बाकीचे थांबले.

वानर तोवर अर्ध्या खोडापर्यंत उतरला होता. तिथेच लटकून त्याने बघितलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते.

“बिबट्या कुठाय, वानरकाका?” हरणाच्या पोराने विचारलं.

“गेला असेल!” वानर खेकसला. “विश्वास नाही ना माझ्यावर? बरं. मी आता तोंडच उघडणार नाही. मरा मग!”

तेव्हा मात्र सगळे मनातून हादरले. पण टिटवी म्हणाली, “दोघं आहोत. पुरेल.” त्या दिवसापासून ती काठ बघायची, भेकर वारा बघायचं, आणि वानर रुसून, सगळ्यांकडे पाठ करून, मोहाखाली जमिनीवर बसून फुलं खायचा. शेंड्यावर जायचंच त्याने सोडलं.

बिबट्या आला तो अशाच एका सकाळी. वारा भेकराच्या दिशेने येत होता. त्याचं नाक थरारलं. ओरडायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना, इतके दिवस तो वापरलाच नव्हता. मग एकदम कुत्र्यासारखं भुंकणं बाहेर पडलं आणि आज कोणी हसलं नाही. सगळ्या माना वर झाल्या. टिटवी हवेत उडाली, गवतातली ठिपक्यांची पाठ तिला दिसली, आणि तिने गळा फाडून दुसरी हाक दिली.

कळप पळाला. सांबरीण सगळ्यांत पुढे होती. घरट्याजवळ येताच ती बाजूला वळली आणि तिच्यामागून सगळा लोंढा वळला.

फुलांत तोंड घालून बसलेल्या वानराने दोन्ही हाका ऐकल्या आणि झाडावर उडी मारली. बिबट्याचा पंजा त्याच्या शेपटीच्या केसांतून गेला.

बिबट्या उपाशी परतला. बऱ्याच वेळाने वानर एक-एक फांदी उतरत खाली आला. हरणाचं पोर म्हणालं, “याला हाकलून द्या!”

“हाकलून कशाला?” टिटवी म्हणाली. “एवढ्या लांबचं आमच्यापैकी कोणाला दिसतं? वानरभाऊ, वर जाऊन बसा. हाक तुमचीही राहील. पण एकट्याची राहणार नाही. आणि फुलं खायची तर सगळ्यांबरोबर.”

वानराने मान खाली घातली. “आणि फुलांपाशी मी आधी आलो तर?”

“तर थांबायचं,” सांबरीण म्हणाली, आणि कोणीतरी फिसकन हसलं. वानरही हसला.

चैत्र सरता सरता तीन पिल्लं काठावरून काड्यांसारखे पाय टाकत तुरुतुरु धावायला लागली. त्यांना पहिली शिकवण हीच मिळाली, की आई ओरडली तर मान वर करायची, आणि पळायच्या आधी दुसऱ्या कोणाची हाक येते का ते ऐकायचं.

मुलांनो, आणि मोठ्यांनीही, यातून घ्यायचं ते एवढंच: राखणदाराची नजर कितीही चांगली असो, सगळ्यांना पळवण्याची ताकद एकट्याच्या गळ्यात ठेवू नये. ‘खरं आहे का?’ असं विचारणारा दुसरा आवाज जपावा, तो थोडा उशिरा आला तरी.

आणि चौथं अंडं ज्याच्या खुराखाली गेलं, तो अजून पुढे आलेला नाही.