फिरकीचा तांब्या

“मग हा पू आला कुठून, सर?”

श्रीनंदने पुन्हा तोच प्रश्न विचारला. नगरकरसर दाताचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून बघत होते.

श्रीनंद सरांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, आणि हे सगळ्यात जास्त ठाऊक होतं ते त्याला स्वतःलाच. दाताच्या मुळातली बारीक नळी साफ करून भरायची, म्हणजे रूट कॅनाल करायचं, तर श्रीनंदकडूनच, असं गावात म्हणत. आपला हात कधी थरथरत नाही, हे मात्र तो आपणहून सांगे.

आज बाहेरच्या बाकावर गुरवमामा ओठ सुजवून बसले होते. देवीच्या देवळात सनई वाजवणारा हा माणूस. त्यांचा वरचा समोरचा दात श्रीनंदने भरला होता, आणि नेमका त्याच्याच मुळाशी पू झाला होता. नवरात्र तोंडावर आलेलं. दात काढावा लागला तर ओठाचा आधार जाणार, फुंक निसटणार. उतारवयात सनईवर नव्याने ओठ बसवणं म्हणजे काही खायचं काम नव्हे.

“काम उत्तम आहे,” सर अखेर म्हणाले. “टोकापर्यंत भरलंयस. पोकळी कुठेच नाही.”

“तेच म्हणतोय मी. वरचं पक्कं सिमेंटही त्याच बैठकीत भरलं. लाळ झिरपायला केसाएवढी फट नाही. जंतू आत गेले कसे?”

सर उठले. कपाटावरचा फिरकीच्या झाकणाचा तांब्या त्यांनी काढला, स्वच्छ धुतला आणि त्यात उकळून गार केलेलं पाणी ओतलं.

मग त्यांनी बोट जिभेला लावलं. तेच बोट पाण्यात बुडवलं आणि झाकण फिरवून घट्ट बसवलं. तांब्या उलटा करून दाखवला. थेंबभरही गळलं नाही.

“पी.”

श्रीनंदने तांब्या हातात घेतला नाही.

“झाकण पक्कं आहे. बाहेरचं काही आत जाणार नाही.”

“पण सर, ते उष्टं...”

तो मधेच थांबला.

“दात उष्टा कधी झाला?” सरांनी विचारलं.

“नळी साफ झाल्यावर. भरायच्या आधी... इतकं सुरेख झालं होतं, सर. मामांना आरशात दाखवावंसं वाटलं. लाळ अडवायला लावलेला रबराचा पडदा काढला. एक फोटोही घेतला. मामा हसले, त्यांचा ओला ओठ दाताला लागला. मग पडदा पुन्हा लावला आणि तसंच भरलं.”

“आरसा मामांनी मागितला होता?”

“नाही.”

सर काही रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. दात बहुधा वाचेल, ते म्हणाले, पण भरलेलं सगळं उकरून काढायचं, आणि त्याआधी मामांना खरं कारण सांगायचं.

श्रीनंदला ते उकरणं सोपं वाटलं. बाकापर्यंत जाणंच जिवावर आलं होतं. तरी तो गेला, मामांशेजारी बसला आणि आरशाची सगळी हकिकत त्याने सांगून टाकली.

मामांनी सुजल्या ओठाने एवढंच विचारलं, “देवीपुढं वाजवायला मिळंल न्हवं, डाक्टर?”

एरवी त्याने छातीठोक ‘हो’ म्हटलं असतं. आज त्याला ते म्हणवेना. जिवापाड प्रयत्न करतो, एवढंच तो बोलला. मामा उठले आणि निमूटपणे आत जाऊन खुर्चीवर बसले.

श्रीनंद हात धुवायला गेला. साबण हातातून निसटला. त्याने तो उचलला, तर पुन्हा निसटला. नळाखाली त्याची बोटं लटलट कापत होती.

सर मागे येऊन उभे राहिले होते.

“सर,” तो मामांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, “हे तुम्हीच करा. माझा हात थरथरतोय.”

सरांनी साबण उचलून पुन्हा त्याच्या हातावर ठेवला.

“म्हणून तर आज तुझ्या हातात देतोय.”