वाघजाईच्या घाणीची पाळणूक

सह्याद्रीच्या कुशीत पहुडलेल्या, भक्ताच्या हाकेला डोंगर ओलांडून येणाऱ्या आई वाघजाईला प्रथम साष्टांग नमस्कार. माझ्या जिभेवर तिचे नाव राहो आणि बोलण्यात खोटे न येवो.

मंडळी, देवळाच्या या बाजूला या. उन्हात उभे राहू नका, पिंपळाखाली पार आहे. समोर जमिनीत गोल दगडी चर दिसतो ना, आणि त्यात कललेले माणसाच्या छातीइतके उंच दगडी चाक? ती चुन्याची घाणी. आपल्या खडकओहळ गावचे हे तळे, त्याचा घाट आणि देवळाचा तट बांधला गेला तेव्हा सारा चुना या घाणीत मळला गेला. भाजलेला चुना, वाळू आणि विटांचा भुगा चरात घालायचा, वर बेलफळाचे पाणी शिंपडायचे आणि हल्या, म्हणजे रेडा, जुंपून चाक फिरवायचे. अशा घाण्या तुम्ही पुष्कळ ठिकाणी पाहिल्या असतील. मात्र या चराच्या कडेने जी वाट गेली आहे, ती नीट निरखून पाहा. भोवताली कमरेएवढे गवत माजले आहे. वाटेवर काडी नाही. आम्ही ती वाट कधी झाडत नाही. गावातले कोणी दुपारी तिच्यावर पाऊलही ठेवत नाही.

त्या काळी तळ्याच्या कामावर दोन प्रकारची माणसे होती, असे सांगतात. एक कायमची. पाथरवट, गवंडी, गाडीवान. ती इथेच झोपड्या घालून राहत आणि सहाही दिवस राबत. दुसरी वाराची. ती वरच्या धनगरवाड्यांतून, डोंगरपदरच्या सपाटीवरल्या वस्त्यांतून ठरल्या वारी डोंगर उतरून येत आणि संध्याकाळी परत चढून जात. उरलेल्या दिवशी त्यांना दुसऱ्या कोणाचे दळण, कोणाच्या शेतातली भांगलणी असे. पोटाला वार नसतो. तो रोज उगवतो.

गोजरा वाराची होती. सोमवार आणि गुरुवार तिचे. घाणीच्या मागे चालायचे, हल्याला हाकायचे आणि चाकाखालून बाजूला सरलेला चुना लाकडी फावड्याने पुन्हा चाकाखाली लोटायचा, हे तिचे काम. तिचा नवरा मेंढरे घेऊन देशावर उतरला होता आणि तिला दिवस भरत आले होते.

कामाचे कारभारी अंताजीपंत. मनुष्य दुष्ट नव्हता, हे आधीच सांगतो. लाच खात नसे, कोणाचा शिधा कापत नसे. मंगळवारी व शुक्रवारी नेमाने देवळात येऊन आईपुढे हात जोडी. सरळ रेघ ओढावी तसा त्याचा न्याय होता. पण सरळ रेघ डोंगरावर ओढली, तर ती मधल्या झोपड्यांवरूनही जाते.

त्या वर्षी जमीन हादरली आणि तळ्याच्या बांधाला भेग पडली. भिवा गुरवाच्या अंगात देवीचा संचार झाला आणि आई बोलली म्हणे, "माझं अंग ठणकतंय. सणावाराच्या पाळणुकी तुम्ही पाळताच. ही जादा द्या. एक दिवस कुणी अवजार उचलू नका. माझ्या कामावरचा प्रत्येक हात निजू दे, म्हणजे मला डोळा लागेल."

पंतांनी मंगळवारची पाळणूक जाहीर केली. कायमच्या माणसांना काम न करता त्या दिवसाचा शिधा मिळाला. ती पिंपळाखाली आडवी झाली, कोणी फाटके शिवले, कोणी नुसतेच झोपले.

गुरुवारी गोजरा आली ती थेट पंतांपुढे उभी राहिली.

"पंत, आमची पाळणूक कवा?"

"कसली पाळणूक? ती मंगळवारी झाली."

"मंगळवारी मी हितं नव्हते."

"तेच म्हणतो मी! तुझा वार नव्हता. म्हणजे तू घरी निजलीस. तुला तर ती आधीच पोचली."

शेजारचा गवंडी हसला. "गोजरे, आता आईकडं शिधा माग. म्हणावं, घरी झोपल्याचा दे!"

"झोपले कुठं, दाजी?" ती म्हणाली. "मंगळवारी मी वाडीत पाटलाचं दळते. जात्याला कोणी पाळणूक सांगितली नव्हती."

पंतांनी मान हलवली आणि ते कामाकडे वळले. गोजराने पोटाला हात लावला, हल्या जुंपला आणि चालू लागली.

पुढच्या आठवड्यात भेग रुंदावली. आईने पुन्हा जादा पाळणूक मागितली आणि तीही नेमकी गुरुवारी. डोंगर उतरून आलेल्या गोजराला पंतांनी पायरीवरच थांबवले.

"आज अवजार उचलायचे नाही. काम नाही, तेव्हा शिधाही नाही. हवा असेल तर उद्या येऊन हा दिवस भरून दे."

गोजरा पोट सावरत पायरीवर टेकली. मग तिने विचारले, "पंत, मंगळवारी पडली तर ती माझी न्हवं. गुरुवारी पडली तर भरून द्यायची. मग मला आईनं कुठल्या वारी निजायला सांगितलंय?"

पंतांनी यादीत तिच्या नावापुढे रेघ ओढली.

"सुईण म्हणती, पोर आडवं हाय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "एक दीस पडून राहिलीस तर फिरंल म्हणती."

"नियम मी तुझ्यासाठी केला नाही, गोजरे. सगळ्या वाराच्या माणसांना तोच आहे."

शुक्रवारी ती दिवस भरायला आली. आग ओकणाऱ्या उन्हात चाकामागे चालली. संध्याकाळी डोंगर चढण्याचे त्राण उरले नाही, म्हणून गावातल्या सुईणीने तिला आपल्या ओसरीवर आडवे केले. तिला झोप लागली. शनिवारी सकाळी हाक मारली, तर ती उठेना. श्वास चालू होता, पापण्या मिटलेल्या होत्या आणि तोंडात घातलेले पाणी ओठांतून बाहेर येत होते.

त्याच दिवशी ऐन माध्यान्ही, कायमची माणसे भाकरी खायला बसली असताना, घाणीचे चाक फिरू लागले.

हल्या तेव्हा तळ्याकाठी बांधलेला होता. चाकाला जोडलेला दांडा मोकळा हवेत फिरत होता. दगडावर दगड घासल्याचा तो आवाज आधी कोणाच्या लक्षातच आला नाही, रोजचाच होता. मग एकाने मान वर केली आणि त्याच्या हातातली भाकरी खाली पडली. हल्या दावे तोडून पळाला. आणि चाकामागच्या वाटेवर, सांडलेल्या ओल्या चुन्यात पाऊल उमटले. त्यापुढे दुसरे. बाईचे पाऊल, टाचेवर भार देऊन, पाय फाकून टाकलेले; दिवस भरलेली बाई टाकते तसे. चालणारे कोणीच नव्हते.

हसलेल्या त्या गवंड्याने चाकापुढे मोठा धोंडा लोटला. चाकाने त्याचा भुगा केला आणि ते तसेच पुढे गेले.

इतक्यात सुईण धावत आली. "पंत, चला, बघा! निजलीय ती, पण पाय हालत्यात. मी तळवे धुते अन् ते पुन्हा चुन्यानं पांढरे होत्यात. पोटातलं पोर गप झालंय. ही चाल थांबली न्हाई, तर दोघंबी जात्यात!"

पंत तिच्याबरोबर ओसरीपर्यंत गेले. त्यांनी ते पांढरे तळवे पाहिले आणि ते देवळाकडे धावले. भिवा गुरव कौल लावून बसला होता. देवीच्या दोन्ही खांद्यांना त्याने ओली फुले चिकटवली होती. उजवे पडले तर होय, डावे पडले तर नाही. त्या दिवशी कोणतेच फूल पडत नव्हते. आईने गावाशी बोलणे टाकले होते.

अखेर गुरवाने फुले तशीच ठेवून हात जोडले आणि नैवेद्याचा प्रसाद तो गाभाऱ्याबाहेर वाटू लागला. पंतांनी ओंजळ पुढे केली. गुरव त्यांना ओलांडून पुढे गेला.

"भिवा, मी राहिलो."

"आज शनिवार, पंत. आपला वार मंगळवार नि शुक्रवार."

"अरे, प्रसादाला वार असतो का?" पंत ओरडले. "तो आईच्या लेकरांचा! कोणी रोज येवो, कोणी..."

आणि ते मध्येच थांबले. बाहेरून दगडाची घरघर ऐकू येत होती. असे सांगतात की त्या क्षणी गाभाऱ्यात वारा नसताना आईच्या उजव्या खांद्यावरचे फूल खाली आले.

पंत बाहेर पडले. पागोटे उतरवून त्यांनी पायरीवर ठेवले, वहाणा काढल्या आणि ते घाणीच्या वाटेवर, त्या न दिसणाऱ्या चालीच्या मागे उभे राहिले. त्यांनी मोठ्याने संकल्प सोडला, "आई, ज्या दिवशी मी स्वस्थ निजलो, त्यातला हिचा वाटा माझ्या अंगातून काढून घे. हिची चाल मी चालतो." मग त्यांनी उमटलेल्या पावलावर आपले पाऊल ठेवले.

ओला चुना अनवाणी पायाला काय करतो, ते गवंड्याला विचारा. पंतांचे तळवे सोलले गेले, पण ते थांबले नाहीत. ज्या ठशावर त्यांचा पाय पडे, तो ठसा पुसून जाई. फेऱ्यामागून फेरे झाले, वाटेवर बाईची पावले एकेक करून कमी होत गेली. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा शेवटचा ठसा पुसला गेला आणि चाक आज जिथे आहे, तिथे कलून उभे राहिले.

ओसरीवर गोजराने डोळे उघडून पाणी मागितले. रात्रभर ती गाढ झोपली, पायही न हलवता. पोर फिरले. पहाटे तिला मुलगी झाली. मुलीचा टाहो तळ्यापर्यंत ऐकू आला, असे म्हणतात.

पंत पुढे पुष्कळ वर्षे जगले. परंतु त्या दिवसापासून धुळीत, चिखलात, ओल्या सारवणावर, कुठेच त्यांच्या पावलाचा ठसा उमटला नाही म्हणे. कोणी विचारले तर ते म्हणत, "ते सगळे तिथे दिले." त्यांनी घातलेला दंडक मात्र उमटून राहिला. जादा पाळणूक कोणत्याही वारी पडो, ती राबणाऱ्या प्रत्येकाची. सहाही दिवस येणाऱ्याला अख्खा दिवस. तीन वार येणाऱ्याने आपल्या पुढच्या वारी माध्यान्हीला अवजार खाली ठेवावे, दोन वार येणाऱ्याने दिवस कलताच. शिधा कोणाचाही कापू नये. आणि पाळणूक त्याच्याच वारी आली, तर आईने दिलेला दिवस त्याच्याकडून भरून मागू नये. ओंजळ लहान असेल तर प्रसाद थोडा मावेल. पण रिकाम्या ओंजळीने कोणी देवळाची पायरी उतरू नये.

आजही खडकओहळात हेच चालते. सरकारने मतदानाची म्हणून किंवा आणखी कशाची अचानक सुट्टी जाहीर केली, की देवस्थानच्या झाडलोटीला दोनच वार येणाऱ्या बायका, शाळेत तीन दिवस शिकवणारे संगीताचे मास्तर, सोसायटीचा अर्धवेळ शिपाई, सर्वांना आपापला वाटा पुढच्या पाळीला मिळतो. मध्यंतरी बाहेरून आलेल्या एका व्यवस्थापकांनी झाडलोटीच्या पारूबाईंना म्हटले, "तुमचा वार नव्हता, तुमची सुट्टी कसली?" पारूबाई झाडू घेऊन कामाला लागल्या. दुपारी ते गृहस्थ या पाराशीच डबा खात होते. डबा अर्धा टाकून ते उठले आणि पारूबाईंना म्हणाले, "मावशी, तुम्ही जा घरी." काय ऐकले, ते त्यांनी कोणाला सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

मंडळी, आई वाघजाई तुम्हा सर्वांचे कल्याण करो. तुमच्या घरात रोज येणाऱ्या हातांना आणि कधीमधी येणाऱ्या हातांनाही ती बळ देवो. दमून पाठ टेकणाऱ्या प्रत्येकाचे पाय स्वस्थ राहोत, प्रत्येक गरोदर लेकीची सुखरूप सुटका होवो, आणि तुमच्या उंबऱ्याच्या आत कोणाचीही झोप दुसऱ्याच्या झोपेतून कापून घेतलेली नसो.