शंभर फुलांचा माळ

एका राज्यात भद्रसेन नावाचा राजा राज्य करीत होता. राजा भला, पण त्याचं प्रेम असं की रोप लावावं आणि रोज उपटून मुळं पाहावीत!

एकदा दरबारात ज्वालकेतू नावाचा मांत्रिक आला. त्याची दाढी गुडघ्यापर्यंत. राणी सुमेधेला हसू आवरेना. झालं! मांत्रिकाने चिमूटभर राख फुंकली. राणीचा चंडोल झाला आणि भुर्रकन राजवाड्यामागच्या माळावर उडून गेला.

"राजा," मांत्रिक म्हणाला, "त्या माळावर एकाच दिवशी शंभर जातींची फुलं फुलतील, तेव्हा राणी परत मिळेल. मुदत तीन पावसाळे. नाहीतर ती जन्माची पाखरू."

राजाने काय करावं? माळाला भिंत घातली! गवे हाकलले, मेंढरांना बंदी केली. खुराखाली एक कळीसुद्धा चिरडता कामा नये!

चंडोल रोज भिंतीवर येऊन बसे. राणीला वाचा उरली होती, ती फुलांच्या आकड्यापुरती. पहिल्या पावसाळ्यात ती म्हणाली, "चाळीस." राजाने भिंत आणखी उंच केली. दुसऱ्या पावसाळ्यात म्हणाली, "सतरा." माळावर पुरुषभर गवत माजलं, वाळलं आणि तिथंच आडवं झालं. त्याखालच्या बियांना ऊन म्हणून दिसेना. इकडे राजाला अन्न गोड लागेना.

तिसरा पावसाळा तोंडावर आला, तेव्हा ठकूबाई धनगरीण काठी टेकत दरबारात आली.

"म्हाराज, आज्यापास्नं आमची मेंढरं त्या माळावर चरली. फुलं मोजता मोजता आम्ही दमायचो. तीन कामं सांगते. कराल?"

"करीन."

"भित पाडा."

राजाला ते पटेना. पण शब्द दिला होता, भिंत पाडली. रानातून गवे आले. त्यांनी जून गवत ओरबाडलं, तुडवलं, मातीत यथेच्छ लोळले. राजा बिचारा डोळे झाकून बसला. मग पाऊस झाला आणि चंडोल म्हणाला, "छप्पन्न!"

"आता माझी मेंढरं येऊ द्या," ठकूबाई म्हणाली. "मोठी जनावरं जाडंभरडं खात्यात, बारकी उरलंसुरलं. मागं लेंड्या पडत्यात, त्येचंच खत."

मेंढरं माळावर मुक्कामाला बसली. पाचव्या दिवशी चंडोल म्हणाला, "एक्क्याऐंशी!"

राजा हरखून गेला. "ठकूबाई, आता इथंच राहा! बारा महिने राहा! एकेका मेंढीला चांदीचे घुंगरू देतो!"

म्हातारी कडाडली, "हितंच तुमचं चुकतं! बंद केलं की पुरतं बंद, उघडलं की सताड! आमच्यात पाचव्या दिवशी मेंढरांचा वाडा हालतो, मुक्काम दुसऱ्या रानात पडतो. माळ बोडका केला तर फूल कुठनं यायचं? तिसरं काम ह्येच. मला जाऊ द्या."

मुदतीचे आठच दिवस उरले होते. तिला अडवावं असं राजाला फार फार वाटलं. पण त्याने हात जोडले आणि वाट सोडली.

आठ दिवस राजाने माळाला हात लावला नाही. शेवटच्या सांजेला चंडोल क्षीण आवाजात म्हणाला, "नव्याण्णव." सूर्य टेकडीला टेकला होता.

राजा अनवाणी माळभर धावला. धावता धावता गुडघ्यांवर कोसळला, तो नेमका गव्याच्या पावलाच्या खळग्यापाशी. खळग्यात पाणी साचलं होतं, आणि पाण्याच्या काठी तिळाएवढं निळं फूल. आभाळातून ते कुठलं दिसणार?

"शंभर!" राजा ओरडला. "सुमेधा, शंभर!"

पाखरू खाली उतरलं आणि राणी होऊन समोर उभी राहिली.

"महाराज," ती म्हणाली, "दोन वर्षं त्या गवतात मला पाय टेकायला जागा नव्हती, आणि तुम्ही आपले भिंतीच बांधताय!"

राजा हसला आणि रडलाही.

तेव्हापासून गवे मर्जीने येतात, मेंढरं वेळेवर येतात आणि वेळेवर जातात. राजाला मधूनच कुंपणाची हुक्की येते. मग राणी नुसती त्याच्याकडे बघते. राणीला माळ लाभला, माळाला खूर लाभले. ऐकणाऱ्यांनाही आपापलं लाभो.