आईसाहेबांचं माप

त्या दिवशी डोंगरावर धुकं असं बसलं होतं की राजवाडा आणि गोंदाजीची झोपडी दोन्ही सारखीच दिसत होती. थंडी एवढी, की पहारेकऱ्यानं बंदूक भिंतीला टेकवून दोन्ही हात काखेत घातले होते. असल्या हवेत माणसाला कॉफी सुचते. श्रीमंत उदाजीरावांना टेनिसचं मैदान सुचलं.

गोंदाजी राजवाड्याच्या मुदपाकखान्यात कॉफी करायला होता. त्याच्या झोपडीमागे फणसांच्या सावलीत कॉफीची तीस झाडं होती. झाडं बापानं लावलेली, जमीन सरकारांची.

"गोंदाजी," सरकार म्हणाले, "तुझी ती झुडपं तोडायची आहेत. तिथं टेनिस खेळायचंय."

"सरकारांना येतं खेळता?"

"मैदान झालं की येईल."

गोंदाजीनं मान डोलावली. खरंच होतं. सरकारांचा पियानोही असाच आधी आला होता आणि अजून वाट बघत होता.

"पण सरकार, आपल्या डोंगराच्या बियांची चव दुसऱ्या कशाला नाही."

"चव? अरे, चार मुलखांतून चार चांदीचे डबे भरून भाजलेल्या बिया मागवल्या मी. सगळ्यांची कॉफी सारखीच लागते. तुझ्या बियांचीही तशीच. मग झाडं ठेवू कशाला?"

आता सरकारांची कॉफी कशी, ते सांगायला हवं. अर्धी वाटी पाण्यात चमचाभर पूड उकळायची. त्यात वाटीभर आटवलेलं दूध, चार चमचे साखर, वेलची, केशर आणि अर्धं जायफळ किसून. आईसाहेबांच्या वेळचं माप. त्या कपात कॉफी असायची, पण लग्नाच्या पंगतीत बोलावणं नसलेला माणूस बसतो ना कोपऱ्यात, तशी. एवढं जायफळ पोटात गेल्यावर सरकार दुपारपर्यंत डुलक्या घेत, आणि कॉफीनं कशी तरतरी येते ते सगळ्यांना सांगत.

"जायफळ जरासं कमी केलं तर, सरकार..."

"आईसाहेबांचं माप आहे ते! कणभर कमी नाही, कणभर जास्त नाही. उद्या दिवाणजी स्वतः मोजतील. मापातली एकूण एक वस्तू माझ्या पोटात गेली पाहिजे. चार डब्यांच्या चार कॉफ्या आणि पाचवी तुझ्या बियांची. तुझी कुठली ते मला चवीवरून ओळखू आलं, तर झाडं राहतील. नाही तर कुऱ्हाड."

"वा, काय न्याय!" दिवाण त्र्यंबकपंत म्हणाले. त्यांना पगार त्याचाच होता.

गोंदाजी घरी आला. सुपात बिया घेऊन बसला. फुटकी काढ, किडकी काढ, काळपट काढ. मग लोखंडी कढई मंद विस्तवावर ठेवली आणि ढवळत राहिला. कुंपणाशी शेजारची ठकूमावशी येऊन उभी राहिली.

"गोंदा, उद्या झाडं जाणार म्हणे. आणि तू निवडत काय बसलायस?"

"घाई केली तर बी जळतं, मावशी."

"राजवाड्यातली ती कॉफी एकदा पाजली असतीस तर बरं झालं असतं. आता कसली मिळते!" मावशीला त्याच्या झाडांचं दुःख होतंच. पण ते दुसऱ्या नंबरावर होतं.

दुसऱ्या दिवशी दिवाणजींनी दूध मोजलं, साखर मोजली, जायफळ तर तराजूत घातलं. गोंदाजीनं पाचही प्रकारच्या बिया तिथल्या तिथं खलबत्त्यात कुटल्या. दिवाणजींनी प्रत्येक बशीखाली चिठ्ठी ठेवली आणि कप स्वतः मागेपुढे केले.

सरकारांनी पाहिलं, तर पाच कपांत नुसती काळी कॉफी. शेजारी पाच वाट्या दूध, त्यात साखर, केशर, वेलची, जायफळ, सगळं जिथल्या तिथं.

"हे काय? एकत्र केलं नाहीस?"

"मापात काय घालायचं ते आहे, सरकार. कुठं एकत्र करायचं ते नाही. आधी कप घ्यावा, मागून वाटी. पोटात गेल्यावर भेटतीलच एकमेकांना."

दिवाणजींनी मापाचा कागद दोनदा वाचला. उलटा करूनही बघितला. "तसं... लिहिलेलं नाही, सरकार."

सरकारांनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "याला गुलाबाच्या अत्तराचा वास येतोय."

"अत्तराच्या कपाटात असतो तो डबा."

"ही तर डांबराची गोळी."

"शालींच्या पेटीतला."

"बंदुकीचं तेल!"

"शिकारखान्यातला. सरकारांना आपला राजवाडा बरोबर ओळखू येतो."

चौथ्याला काही चवच नव्हती. ओल्या लाकडाचं पाणी नुसतं.

"तो डबा युवराजांच्या बारशाला उघडला होता," गोंदाजी म्हणाला. "युवराज आता मिशीला कात्री लावतात."

पाचव्या कपातला एक घोट सरकारांनी घेतला. आणखी एक घोट घेतला.

"कडू आहे."

"आहे, सरकार."

"पण मागून संत्र्याची साल नखानं सोलावी तसं काहीतरी येतं." त्यांनी कप नाकाशी नेला. "हा वास माझ्या कुठल्याच कपाटाचा नाही. ही तुझी."

दिवाणजींनी बशी उचलली. चिठ्ठीवर गोंदाजीचंच नाव होतं.

"म्हणजे इतकी वर्षं मी कॉफी पीतच नव्हतो?" सरकारांनी विचारलं.

"पीत होता की, सरकार. ती जायफळाच्या मागं उभी असायची."

सरकार आधी रागावणार होते. मग हसायला लागले, आणि इतके हसले की डोळे पुसावे लागले. तेव्हा दिवाणजीही हसले. जायफळ जास्त होतं हे आपण पहिल्यापासून म्हणत होतो, असंही म्हणाले. सरकारांनी झाडांखालची जमीन गोंदाजीच्या नावानं लिहून दिली. चांदीचे चारही डबे रिकामे करून त्यालाच दिले. अटीसाठी म्हणून एक वाटी दूध कसंबसं संपवलं आणि उरलेल्या चार त्याच्याकडे सरकवल्या. "ह्या पण माझ्या पोटात गेल्या, असं समज."

गोंदाजीनं ते दूध चरवीत भरून घरी आणलं. ठकूमावशी कुंपणाशी होतीच.

"घे मावशी, राजवाड्यातलं आहे."

मावशीनं डोळे मिटून वाटी संपवली, पदरानं ओठ टिपले आणि म्हणाली, "गोंदा, याला म्हणायची कॉफी. बी कुठल्या मुलखातलं रे?"