कोरडं पातेलं

कोल्हापुरात यासीन मुल्लाणीचं गॅरेज ज्या गाळ्यात होतं, त्याचे मालक दौलतराव खर्डेकर. त्यामुळं ते यासीनला सल्ला विचारत नसत, हुकूम सोडत. नव्या टर्बो गाडीचं वजन घटवायला त्यांना सायलेन्सरचा पाइप इंजिनापासून शेवटापर्यंत अ‍ॅल्युमिनियमचा हवा होता.

"मागचा करतो," यासीन म्हणाला. "पुढं, इंजिनाला लागून टर्बो असतो तिथं, स्टीलच पाहिजे. तिथला धूर म्हणजे निव्वळ आग, अ‍ॅल्युमिनियम वितळेल."

"आमच्याकडं अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात जन्मभर चहा उकळतोय, अजून वितळलं नाही. जमत नसेल तर गाळा रिकामा कर."

"करतो की. आधी चहा तरी घ्या." यासीननं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं शेगडीवर चढवलं, गॅस मोठा केला आणि स्टुलावर निवांत बसून राहिला. पातेलं कोरडंच तापू लागलं.

दौलतरावांची चुळबुळ सुरू झाली. शेवटी त्यांना राहवेना. "अरे, पाणी ओत त्यात. बूड जाईल की."

"पातेल्यात पाणी तरी ओतता येतं, मालक," यासीन म्हणाला. "तुमच्या पाइपात काय ओतू?"

दौलतरावांनी पातेल्याकडं पाहिलं, मग गाडीकडं.

"पुढं स्टील घाल," ते म्हणाले, "आणि चहात साखर कमी."