सागवानी दार आणि काचपेपर

गाड्या कोळशावर धावत होत्या त्या काळी एका लहान गावात, स्टेशनसमोर, प्रवाशांसाठी एक देखणं हॉटेल होतं. पुढे ते बंद पडलं. बऱ्याच वर्षांनी माणसं ते पुन्हा उभं करायला आली, तेव्हा त्याचं सागवानी दार चौकटीत बसेना. दर दिवाळीला जुना रंग न खरवडता त्यावरच नवा फासल्यामुळे त्याच्या कडा जाडजूड झाल्या होत्या.

"आज लागलं नाही, तर ॲल्युमिनियमचं बसवू," मालक म्हणाला.

सुतारकाम करणाऱ्या शेवंताने काचपेपर हातात घेतला.

"हळू रे पोरा!" दार काचपेपरवर ओरडलं. "हा माझा मान आहे. एकेक थर म्हणजे एकेक दिवाळी."

"आजोबा," काचपेपर म्हणाला, "या मानापायीच तुम्ही सरपणात निघालात. गप्प उभे राहा."

"आमच्या वेळी अशी उलट उत्तरं..."

"तुमच्या वेळीच कुणी खरवडलं असतं, तर मला एवढं झिजावं लागलं नसतं!"

निळा रंग गेला, हिरवा गेला, आणि खालून सागाच्या मधाळ रेषा झळकू लागल्या. काचपेपरचे दाणेही झडत गेले. शेवटी तो साध्या कागदासारखा मऊ पडला. शेवंताने दार ढकललं. ते अलगद चौकटीत बसलं.

"वा!" मालकाने दारावरून हात फिरवला.

दार मात्र खाली पडलेल्या त्या झिजलेल्या तुकड्याकडे बघत राहिलं. शेवंताने नवा काचपेपर काढला, तेव्हा ते हळूच म्हणालं, "ये रे पोरा. बिजागरीमागे थोडी दिवाळी अजून राहिली आहे."